पाहुणीचं पाणी

अल्लीपूरच्या पलीकडच्या त्या गावात परदेशी बँकेच्या कर्जातून नळ आला. पाणी आलं ते खारं. योजनेत पाणी नदीचं होतं. ठेकेदारानं नाल्याकाठी बोअर मारली आणि कागदावर नदी तशीच वाहू दिली. गावात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना.

जिजाबाई पाणी समितीची अध्यक्ष. तिची सून दीपमाला किडनीची दुखणाईत. हिच्या तोंडी खारं पाणी लागू देऊ नका, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून टँकरच्या गोड पाण्याचा एक माठ घरात फक्त तिचा. पण योजना चांगली चालली असं वर कळलं, की टँकर बंद होणार होता.

मे महिन्यात बँकेची मॅडम पाहणीला येणार म्हटल्यावर ठेकेदाराचा माणूस हिरालाल घरी आला.

"मावशी, फक्त हो हो करजा. बाकी मी बोलतो इंग्रजीत."

"तुही इंग्रजी राहू दे बापू. जीभ तर तिलेही हाये ना?"

जिजाबाईनं नळाचं पाणी तांब्यात भरून ठेवलं. मॅडमला एक घोट पाजायचा, बस.

मॅडम तिच्याच वयाची निघाली. उन्हानं तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. बाजेवर टेकली आणि कसंनुसं हसली.

जिजाबाईनं तांब्या उचलला. हात पुढं जाईना. उन्हातून दारात आलेल्या बाईला असलं पाणी? पहिले तहान भागू दे, मग चव दाखवू, असं म्हणत तिनं दीपमालाच्या माठातून गिलास भरला.

मॅडमनं तो एका दमात रिकामा केला. गिलास देता-घेतानाच फोटो निघाले होते.

"हे नळाचं नाई हो! नळाचं हे पाहा," जिजाबाईनं तांब्या पुढं केला.

हिरालाल इंग्रजीत काहीतरी बोलला. मॅडमनं पोटावरून हात फिरवला, हात जोडले आणि उठली.

"काय सांगतलं तू तिले?"

"अजून घ्या म्हणतात, असं."

जिजाबाई तांब्या घेऊन गाडीमागं वेशीपर्यंत धावली. पाण्यात धूळ बसली, तेवढंच.

पंधरा दिवसांत टँकर बंद झाला. अहवालात जिजाबाईचा फोटो छापला होता, गिलास देताना. मुलगा श्रावण सायकलनं दोन कोसांवरून पाण्याची कॅन आणायचा. पण मजुरीला गेला त्या दिवशी कॅन नाही.

दिवाळीच्या सुमारास हिरालाल योजना गावाच्या ताब्यात दिल्याच्या कागदावर सही घ्यायला आला. समोर आलेल्या पाण्याचा घोट त्यानं अंगणात थुंकला.

"मावशी, काय पाजून राह्यल्या हे?"

"तुह्याच नळाचं. घरात आता हेच हाये."

"मंग मॅडमले काऊन चांगलं पाजलं?"

जिजाबाईनं त्याच्या पुढ्यातला गिलास उचलून घेतला.

पिशवीतली बाटली काढून तो घटाघटा प्याला. "सही करून ठेवजा, उद्या येतो," म्हणून कागद बाजेवर ठेवून गेला. अर्धी बाटली तिथंच राहिली.

आत दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजून खांब झालेले. जिजाबाईनं बाटलीचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि पाणी गिलासात ओतलं.

"कुठचं हो, आई?"

"पाहुण्याचं," जिजाबाई म्हणाली. "पी."