सुतळीच्या मापाचा बूट

मित्रांनो, मी सायकल शर्यतीचा एक जुना बूट बोलतोय. उजव्या पायाचा. डावा भाऊ शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

माझा तळवा कडक आहे. त्याखाली एक छोटी पट्टी असते. ती पेडलमध्ये टक्कन अडकली की पाय निसटत नाही. चालताना मात्र माझी फजिती होते. म्हणून शहरातल्या गुलमंडीजवळच्या दुकानात लोक मला हातात घ्यायचे, हसायचे आणि परत ठेवायचे. तरी मी ऐटीत असायचो. लाल रंग, वर चकचकीत बंद, गर्व होणारच.

एके दिवशी बिडकीनचे काकासाहेब दुकानात आले. त्यांची लेक मुक्ता शर्यतीत सायकल चालवायची आणि राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती. तिला चकित करायचं म्हणून ती दुपारी झोपलेली असताना त्यांनी सुतळीनं तिच्या पायाचं माप घेतलं होतं. ती सुतळी त्यांनी माझ्या तळव्यावर ताणून धरली आणि म्हणाले, "वाढतं माप द्या. पोरीचा पाय अजून वाढतोय." त्यांच्या घरी शाळेचे बूटही असेच यायचे, बोटभर मोठे आणि पुढं कापूस कोंबलेले. मी बोटभर मोठा होतो, म्हणून पसंत पडलो.

मला पाहून मुक्ता हरखून गेली. काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्यात कापूस भरला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवायचे. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

पण रस्त्यावर निघालो आणि माझं मला कळलं. पेडल वर ओढताना मुक्ताची टाच माझ्यातून उचलली जायची. पाय सरकू नये म्हणून ती बोटं आवळून धरायची. टाचेला फोड आले, गुडघा कुरकुरू लागला. मागच्या मुली पुढं जाऊ लागल्या. शिकवणारे वैजनाथ सर म्हणायचे, तुझं लक्ष नाही. ती तशीच पेडल मारत राहायची. घरी वडिलांनी विचारलं की बूट छान आहेत म्हणायची. मला फार वाईट वाटायचं. ज्या पायासाठी मला आणलं त्यालाच मी छळत होतो.

शेवटी तिनं एक युक्ती काढली. घरून मला घालून निघायचं आणि गाव मागं पडलं की जुने कॅनव्हासचे बूट चढवायचे. मी हँडलला लटकत राहायचो. त्या बुटांत टाचेला आराम मिळे, पण ते पेडलला अडकत नसत. तशानं निवड होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी समोरून काकासाहेबांची मोटारसायकल आली. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं. त्यांचा चेहरा उतरला.

"आवडले नाय व्हय तुला?"

"लई आवडले, अण्णा. पण पाय आत हालतोय. टाच सोलून निघाली."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी इतक्या हौसेनं आणले. तुमाला काय वाटंल?"

काकासाहेब रस्त्याच्या कडेला बसले. तिचा मोजा उतरवून त्यांनी टाच हातात धरली आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले.

"हौस माझी व्हती गं," ते म्हणाले. "पाय तुझा हाये."

तिथूनच दोघं दुकानात गेले. बुटाचं माप बघायला वेळही बरी होती, कारण दिवसभर राबलेला पाय संध्याकाळी किंचित फुगतो. मुक्ता शर्यतीचे मोजे घालून उभी राहिली, वाकली, चवड्यांवर उठली. एका जोडीत बोटं चेपत होती, दुसरी टाचेशी ढिली होती. काकासाहेब प्रत्येक वेळी तिला खरं सांग म्हणायचे. शेवटी एक साधी काळी जोडी निघाली. टाच जराही उचलली नाही आणि बोटंही मोकळी हलली. मी पिशवीतून पाहत होतो. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण तिच्या कपाळावरची आठी गेली आणि माझाही जीव भांड्यात पडला.

निवडीच्या दिवशी मी घरीच होतो. मुक्ता परत आली तेव्हा काकासाहेब दारातच उभे होते. निकाल विचारण्याआधी त्यांनी पाय दुखला का, असं विचारलं. करंगळीला जरा घासतंय, असं तिनं लगेच सांगितलं, आणि मग संघात निवड झाल्याचं सांगितलं.

पुढं मुक्तानं मला वैजनाथ सरांकडं सोपवलं आणि सरांनी त्यांच्याकडंच शिकणाऱ्या मुकुंदवाडीच्या कडूबाला दिलं. त्याच्या पायात मी कापसाशिवाय नीट बसलो आणि खूप फिरलो. आता तळवा झिजलाय.

मित्रांनो, चिखल पुसा, ओल्या बुटांना उन्हात टाकू नका, हे तर सगळेच बूट मागतात. माझं मागणं वेगळं आहे. कुणी जीव लावून आणलेली वस्तू टोचली, तर त्याला सांगा. मुक्तानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर काकासाहेब थोडे हिरमुसले असते, एवढंच. त्या रस्त्याच्या कडेला तिची सोललेली टाच हातात धरून ते रडले, ते मी अजून विसरलो नाही.