अकरा खांबांची धर्मशाळा

मारुतीच्या देवळाच्या पायरीपासून हर्षलानं पावलं मोजली. वडिलांनी लिहिलं होतं, चाळीस. चाळिसाव्या पावलाला तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. समोर मोबाइल दुरुस्तीची दोन दुकानं होती. त्यांच्यापुढे काळ्या दगडाचं एक जोतं, आणि त्यावर टोपल्या मांडून बसलेल्या भाजीवाल्या.

कर्जतच्या जुन्या बाजारपेठेतल्या नऊ इमारतींवरचं पुस्तक वडिलांनी संपवलं होतं. फक्त फोटो राहिले होते. रविवारी ते खोपोलीहून फोनवर मजकूर सांगत, ती ठाण्यात टाइप करी. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. आज सकाळपासून जुनी कचेरी, दगडी हौद, रामाचं देऊळ, सगळं त्यांच्या वाक्यांबरहुकूम जिथल्या तिथं सापडलं होतं. प्रत्येक कमानीपाशी ते अजून थोडे आहेत असं वाटत होतं.

"मावशी, इथली धर्मशाळा कुठं आहे हो?" वाल निवडणाऱ्या म्हातारीला तिनं विचारलं.

"हीच की. तिच्यावरच बसलेय मी." म्हातारी हसली. "पाडून वीस वर्सं झाली."

"पण माझ्या वडिलांनी गेल्या दिवाळीत पाहिली. अकरा सागवानी खांब, वर माळा..."

म्हातारीचा हात थांबला.

"वाल्मिक मास्तरांची पोर का गं तू?"

हर्षलानं मान हलवली.

"दर मंगळवारी यायचे. म्हनायचे, सोनुबाई, टोपल्या सरकव, खांब मोजायचेत. पयल्यांदा मी म्हनलं, मास्तर, खांब हायेत कुठं? तवा असे बघाय लागले, जत्रंत चुकलेल्या पोरागत. मग पुढच्या खेपंपासनं मी गप टोपल्या सरकवायची. ही पारू चिडायची."

"चिडू नाय तर काय!" शेजारची बाई म्हणाली. "गिऱ्हाइक सोडून उठायचं. आनि दर खेपंला अकराच. एक दिवस बारा नाय भरले."

दोघी हसल्या. त्या हसण्यात माया होती.

दिवाळीनंतर वडिलांनी पुस्तकातलं हे धर्मशाळेचं प्रकरण फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली होती, "बाबा, झालंय हे. पुढचं सांगा ना." मग तिनं त्यातले दोन स्वल्पविराम काढले होते.

"बरे हायेत ना मास्तर?"

"गेले."

सोनुबाईनं वालाचं सूप बाजूला ठेवलं आणि जोत्यावर जागा केली. हर्षला बसली. दगड उन्हानं तापला होता.

"एकदा तर ठेसनाची वाटच गावंना त्यांना," सोनुबाई हळू आवाजात म्हणाली. "खिशात चिठ्ठी व्हती, पोरीचा नंबर म्हनून. पारूनं दोनदा फोन लावला. दोन्ही येळंला समोरून कापला. मग पारूच गेली खोपोलीपर्यंत पोचवाय."

हर्षला हातातल्या टाइप केलेल्या कागदांची कडा बोटानं सरळ करत राहिली.

सोनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. "नंबरच चुकीचा असंल गं. म्हातारं मानूस, लिवताना चुकलं असंल."

"थांब, माझ्यात हाय अजून," म्हणत पारूनं कमरेचा फोन काढला. पदरानं स्क्रीन पुसली, अंगठ्यानं नाव शोधलं आणि कानाला लावला.

हर्षलाच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.