शेवटचा बोल्ट

नवऱ्याने दोन्ही हातांनी गाडीच्या इंजिनाचं हेड उचललं आणि श्वास रोखून ब्लॉकवर नेलं. ती टॉर्च धरून उभी होती. हेड खाली टेकता टेकता तिची नजर दोन्हींमधल्या गॅस्केटच्या पातळ पत्र्यावर गेली. गॅस्केट उलटं पडलं होतं. मागची पाण्याची भोकं झाकली गेली होती.

"अहो, जरा थांबा..."

"टॉर्च सरळ धर," तो म्हणाला. मग स्टुलावर बसलेल्या शेजाऱ्याकडे बघून हसला. "हिचे वडील मेकॅनिक होते ना. बाईसाहेबांना वाटतं, आपण पोटातूनच शिकून आलोय."

शेजारी खो खो हसला. तिने टॉर्च सरळ धरली.

वडिलांच्या गॅरेजमध्ये तिने असली कितीतरी हेडं बसवली होती. लग्नानंतर मात्र तिच्या हातात कुणी पाना म्हणून दिला नव्हता. ही गाडी सासऱ्यांची, आणि ते गेल्यापासून नवऱ्याचा सगळा जीव हिच्यात अडकलेला. हे हेड शोधता शोधता त्याचे केस पांढरे झाले होते. दुसरं आता कुठे मिळायचं नाही. पाणी फिरलं नाही की इंजिन तापणार आणि हेडला तडा जाणार. गाडी सुरू व्हायच्या आत तिचा एक शब्द पुरे होता.

तो बोल्ट शिस्तीत आवळत होता, मधून बाहेर, प्रत्येक थोडा थोडा. इतका काटेकोर माणूस आणि गॅस्केट न बघता टाकतो, म्हणून तिला त्याची कीव आली. बोलावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तिने शेजाऱ्याकडे पाहिलं. तो अजून गालातल्या गालात हसत होता.

शेवटी एकदाचा शेजारी उठून गेला. नवऱ्याने घाम पुसला आणि खाली बघत म्हणाला,

"मघाशी उगाच बोललो. परक्यासमोर बोलायला नको होतं. ये इकडे, शेवटचा बोल्ट तू आवळ."

त्याने पाना तिच्या हातात ठेवला. तिचे डोळे भरून आले, अगदी मनापासून. पदर खोचून ती वाकली आणि पुरेसा ताण आल्याचा 'कट्' आवाज पान्यातून येईपर्यंत तिने बोल्ट आवळला. हात जराही चुकला नाही.

"नीट बसलं ना गं?" त्याने विचारलं.

"अगदी नीट," ती म्हणाली. "आता पाणी भरा."