मित्राने बसायचं

आमच्या दुकानाला खिडकी एकच. तिच्याखाली टेबल, टेबलावर घड्याळांची उघडी पोटं, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून त्या पोटांत डोकावणारे आमचे हे. हे दिवसाला पंधरा-वीस शब्द बोलतात. त्यातले चार गिऱ्हाइकांच्या वाट्याचे: "होईल. बघू. परवा या." उरलेले माझे आणि चहाचे.

खिडकीपलीकडे गादीवाल्यांचं आवार. एका सकाळी तिथे विटा येऊन पडल्या. "गुदाम वाढवतोय," गादीवाले म्हणाले आणि आमच्या खिडकीला नाक लावून भिंत घ्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत विटांचे तीन थर चढलेसुद्धा.

यांनी उत्तरादाखल दिवा लावला, टेबलाशी बसले, चिमटा उचलला, आणि हाताची सावली नेमकी त्या केसाएवढ्या स्प्रिंगवर पडली. दिवा डावीकडे घेतला, उजवीकडे घेतला, शेवटी तो हातात धरून मी समईसारखी उभी राहिले. हे म्हणाले, "नाही जमणार." आणि चिमटा खाली ठेवला. सव्वीस वर्षांत कामाचा चिमटा दिवसाढवळ्या खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. खिडकी गेली की दुकान गेलं, इतका सरळ हिशेब होता.

कायदाही सरळ निघाला. वीस वर्षं एखाद्याच्या खिडकीतून उजेड येत असेल, तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. आम्ही दावा लावला, भिंत तीन थरांवर थांबली. गादीवाल्यांनी लेखी जबाब दिला, की ही खिडकी सात वर्षांपूर्वी चोरून पाडलेली आहे. चोरून! हे चोरून शिंकतसुद्धा नाहीत.

वकील करावा म्हटलं, तर असल्या दाव्यांचे वकील आमच्याकडे दोनच. एक गादीवाल्यांचा जावई. दुसरे त्या जावयाचे वडील.

"मी आहे की," कुजबुजकर भावोजी म्हणाले.

कुजबुजकर हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा आहे. यांचे शाळेपासूनचे मित्र. नाटकमंडळीत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून विसराळू नटांना वाक्यं पुरवायची. त्यांची कुजबुज नटाच्या कानात बरोबर शिरते आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागत नाही. त्यांच्या जमेला हीच एक कला. नावे मात्र एक खोड: मध्येच कोणाचं वाक्य अडलं की त्यांना राहवत नाही. लग्नात यांनी माझं नाव घेताना जरा दम खाल्ला, तर मागून भावोजींनी ते पुरवलं. आजतागायत मला खात्री नाही, की यांना ते आठवत होतं.

"भावोजी, तुम्ही वकील नाही," मी म्हटलं.

"वहिनी, कोर्टाचे प्रवेश असलेली अकरा नाटकं मला तोंडपाठ आहेत. सगळ्यांत आरोपी सुटतो."

"हा दिवाणी दावा आहे. आरोपीच नाही."

"मग तर आणखी सोपं."

पहिल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी यांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" हे उभे राहिले आणि उभेच राहिले. बाजूला भावोजी ताडकन उठले, छाती काढली आणि म्हणाले, "न्यायदेवते!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण वकील?"

"नाही. मित्र."

"मग मित्राने बसायचं."

भावोजी बसले. बाई मात्र खाष्ट नव्हत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मित्राला शेजारी बसता येईल. कागद लावून देता येतील, टिपणं काढता येतील, चिठ्ठी सरकवता येईल, मित्राच्या कानात हळूच सांगता येईल. कोर्टापुढे बोलता येणार नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारता येणार नाहीत. "आणि पिंजऱ्यात साक्षीदार असेल, तर त्याला उद्देशून एक अक्षरही काढायचं नाही. कळलं?"

"ओठ न हलवताही येतं मला," भावोजी माझ्या कानात म्हणाले.

"तेही नाही," बाई म्हणाल्या. म्हणजे पहिल्या रांगेला ऐकू न जाणारं त्यांना ऐकू गेलं होतं. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई मोठी आहे.

आता पुराव्याचं. जुने घरमालक वारले. नगरपालिकेतला नकाशा उंदरांनी खाल्ला असं तिथला कारकून म्हणाला, पण उंदरांचा दाखला द्यायला तयार होईना. एकच पुरावा असा होता, की दावा जागच्या जागी संपला असता. भांडणाच्या आदल्या वर्षी खुद्द गादीवाल्यांनी आम्हाला रजिस्टर पत्र पाठवलं होतं. पल्लेदार मजकूर: "आपल्या भिंतीतल्या खिडकीतून आपले भिंग दुपारी दोन वाजता थेट माझ्या डोळ्यांत चमकते आणि जागा घेतल्या दिवसापासून हा त्रास मी चोवीस वर्षे निमूटपणे सोशीत आहे." भावोजींनी तेव्हा ते आमच्या दुकानात स्टुलावर उभं राहून वाचून दाखवलं होतं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो.

ते पत्र कुठे गेलं? दुकानात बारीक स्क्रू ठेवायला कागदाचे चौकोन लागतात. जाड, पांढरा, एका बाजूने कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही. पुढचं विचारू नका. मी सगळे खण पालथे घातले. तीन चौकोन मिळाले: एकावर "निमूट", एकावर "आपले भिं", एकावर अर्धी सही.

"पत्र मला पाठ आहे, बाई," भावोजींनी दुसऱ्या तारखेला परवानगी काढून सांगितलं.

"पाठांतराला कागद म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "मित्राने बसायचं."

मग तालमी सुरू झाल्या. दुकान बंद केलं की टेबल म्हणजे कोर्ट, मी बाई, आणि भावोजी उशी पोटाशी बांधून गादीवाले. हे प्रश्न विचारायचे. म्हणजे विचारायचा प्रयत्न करायचे.

"तुम्ही जागा..."

"घेतली तेव्हा," भावोजी.

"घेतली तेव्हा त्या..."

"भिंतीत काय होतं! अरे घड्याळ्या, सात प्रश्न आहेत रे, सात! आठवड्याला वार असतात तेवढे!"

"रविवारी सुट्टी असते," हे म्हणाले. सहाच प्रश्न ठेवले.

गादीवाल्यांच्या साक्षीच्या दिवशी जावईबापूंनी सासऱ्यांना नवा कोट घातला होता. गादीवाले पिंजऱ्यात उभे राहिले, दोन्ही हातांनी कठडा दाबून पाहिला, बहुतेक कापूस किती ते बघत असावेत. माणूस वाईट नाही. घडवून खोटं बोलायची सवय नसल्याने घोकून आला होता.

यांनी पहिला प्रश्न विचारला. भावोजींनी कानात सांगितलं, यांनी तोंडाने काढलं, रीतसर. दुसरा, तिसरा. गादीवाले धडधड उत्तरं देत होते. "खिडकी सात वर्षांपूर्वीची. मी समक्ष पाहिली पाडताना."

चौथा प्रश्न. "तुम्ही जागा घेतली तेव्हा त्या भिंतीत काय होतं?"

"मी जागा घेतली तेव्हा त्या भिंतीत..." गादीवाले थांबले. "त्या भिंतीतल्या... त्या..."

जावयाने छताकडे पाहिलं. एक सेकंद गेला, दोन गेले. मी भावोजींकडे पाहिलं. मान लांब झाली होती, डोळे मिटले होते, उजवा तळवा आपोआप तोंडाशी गेला होता. मी त्यांचा कोट ओढला. उशीर झाला. एकतीस वर्षं ज्या माणसाने तिसरा सेकंद रिकामा जाऊ दिला नाही, त्याला एक कोट काय अडवणार?

"खिडकीतून आपले भिंग..."

बुडत्याने दोर पकडावा तसे गादीवाल्यांनी शब्द पकडले. "त्या भिंतीतल्या खिडकीतून आपले भिंग दुपारी दोन वाजता थेट माझ्या डोळ्यांत चमकते आणि जागा घेतल्या दिवसापासून हा त्रास मी..."

आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण बोललं?"

भावोजी उभे राहिले. चेहरा असा, जणू भर प्रयोगात पडदा अंगावर पडला. "मी."

"काय सांगितलं होतं मी?"

"वाक्य अडलं होतं हो त्यांचं."

"अहो, ते तुमच्या विरुद्ध बाजूचे आहेत!"

"अडल्यावर बाजू कुठे बघत बसायची?"

"बाहेर," बाई म्हणाल्या. भावोजी गेले. दाराला काचेची चौकट होती, तिच्यात त्यांचं नाक चपटं होऊन दिसू लागलं. बाई लेखनिकाला म्हणाल्या, "शेवटचं उत्तर घेऊ नका. ते यांचं नव्हे, पुरवलेलं आहे."

गेलेला पुरावा हाती आला आणि मित्राच्या उपकारानेच पुन्हा गेला. जावईबापू टाय नीट करत हसले.

बाई पिंजऱ्याकडे वळल्या. "हं. आता तुमच्या शब्दांत. काय होतं त्या भिंतीत?"

"माझे अशील असं सांगतील, की..." जावई उठले.

"तुम्हीही बसा."

गादीवाल्यांनी जावयाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचं धरणच फुटलं. "अहो, चमकतं हो ते! मी दुपारी जरा आडवा होतो. माल तपासायला. गादीवर पडल्याशिवाय गादी कळत नाही. आणि डोळा लागतोय न लागतोय तोच यांचं भिंग, चकक्‌! कूस बदलली की चिमटा, चकक्‌! पंचवीस वर्षं मी उताणा झोपलेलो नाही!"

"पंचवीस?"

"आणि चार महिने! पहिल्या दिवशी ताबा घेतला, पहिली गादी टाकली, आणि पहिलंच चकक्‌!"

"तेव्हा खिडकी होती म्हणजे?"

"खिडकीशिवाय चमकेल कसं, बाई?"

जावयाने कपाळाला हात लावला. लेखनिक लिहू लागला.

"आणि गुदाम?" बाईंनी विचारलं.

"कसलं गुदाम! झोप पाहिजे हो मला."

"यांना कधी सांगितलंत का हे?"

"रजिस्टर पत्र टाकलं होतं! दीड पान! साधी पोचसुद्धा नाही दिली यांनी!"

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आणि मग ते घडलं. हे उठले. समोर कागद नव्हता, शेजारी भावोजी नव्हते. दारातल्या काचेआड चपटं नाक जिवाच्या आकांताने ओठ हलवत होतं, पण हे तिकडे बघतच नव्हते.

"दोन ते तीन मी भिंग काढून ठेवीन," हे म्हणाले. "खिडकीला पडदा लावीन. चिमटासुद्धा खणात. तुम्ही उताणे झोपा."

गादीवाल्यांनी नव्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले. बाईंना कसलासा खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

निकाल पुढच्या तारखेला लागला: खिडकी अडवायची नाही, तीन थर उतरवायचे, आणि दोन ते तीन पडदा. खाली एक ओळ होती, की वादीच्या मित्राने यापुढे कोणत्याही साक्षीला दाराबाहेर बसावं.

बाहेर बाकावर भावोजी गाल फुगवून बसले होते. गादीवाले आधी त्यांच्यापाशीच गेले. "तुम्ही म्हणून माझं वाक्य निघालं हो. आमच्या जावयाला शिकवा जरा." भावोजींनी मान तुकवून ते स्वीकारलं आणि मग यांच्याकडे वळले.

"त्या दिवशीचं ते शेवटचं तुला कोणी दिलं?"

"कोणी नाही."

"माझ्या वहीत नव्हतं."

"नव्हतं."

"हं." भावोजींनी बराच विचार केला. "चांगलं होतं. फक्त 'उताणे'च्या आधी जरा थांबायला हवं होतंस. टाळी गेली."

साक्षीच्या दिवसापासून हे जवळजवळ मुकेच होते. इतके शब्द एका दमात खर्च झाल्यावर दुसरं काय होणार? आज थर उतरले, टेबलावर उजेड आला. यांनी भिंग लावलं, आणि समोर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "होईल."

मी वाट पाहिली. "बघू" आलं. मग तिसऱ्यापाशी हे जरा थांबले, आणि मागे स्टुलावर चहा पीत बसलेले भावोजी म्हणाले, "परवा या."