अप्पारावांनी दिलेला रिव्हर्स गिअर

माउलींनो, जवळ सरका. अप्पाराव मिस्त्रींची गोष्ट सांगतो.

दुष्काळात त्रिंबक नावाचा मेंढपाळ शहरातून देवगाव रंगारीला मेंढरांसाठी जीपनं पाणी न्यायचा. घाईत गाडी थांबायच्या आधीच रिव्हर्स ओढायचा. शेवटी त्या गिअरचे दात झडले. शहर वाढून पाणी भरायची गल्ली एवढी दाटलेली, की मागं घेतल्याशिवाय गाडी निघेना.

शहरातल्याच औरंगपुऱ्यात, आपल्या गॅरेजात अप्पारावांनी गिअरबॉक्स खोलला. “गाडी हाय का मेंढरू, शेपूट धरून ओढायला?”

“अप्पा, मेंढरं कालपासून तहानलेली हायेत.”

बाजारात गिअर मिळेना. अप्पारावांनी स्वतःच्या तसल्याच जीपचा काढून बसवला.

“आन् तुमची गाडी?”

“ढकलू की मागं.”

पुढं आठ वर्षं त्यांनी ती खांद्यानंच मागं ढकलली. देवापुढं हात जोडाल तेव्हा अप्पारावांची आठवण ठेवा.