डोळे आखणारा कुंचला

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. आपली गोष्ट सांगायला बसलेले बहुतेक जण आधी थोरवी सांगतात. मी आधी भीती सांगतो, कारण जन्मभर माझ्याजवळ तीच जास्त साठली.

पेणच्या एका गणपती कारखान्यात दाजींनी मला घडवलं. बैलाच्या कानातले मऊ केस, दोऱ्याचा घट्ट वेढा आणि बांबूची काडी, एवढाच माझा देह. काम मात्र जोखमीचं. मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंगवणं कुणीही करी. डोळे फक्त दाजींनी आखायचे, तेही माझ्याच टोकाने. दाजी श्वास धरून मला टेकवत, तेव्हा सगळा कारखाना गप्प होई. रेघ केसभर सरकली तर देव चकणा व्हायचा, आणि चकणा देव हौसेने घरी नेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. डोळे झाले की दाजी दारात जाऊन विचारत, "बघतोय का?" हिरामण कारागीर मूर्तीसमोर डावीकडून उजवीकडे चालून बघे आणि म्हणे, "बघतोय." मग आम्ही दोघे श्वास सोडत असू.

लोक मूर्तीची वाहवा करत, रंगाची करत, मुकुटाची तर फारच करत. कुंचल्याची चौकशी कुणी केली नाही. पुढे दाजींचा हात कापू लागला आणि त्यांनी मला त्यांच्या मुलीच्या, मैनाच्या हाती दिलं. काही हंगाम तिने डोळे आखले. मग ती रोह्याच्या एका शाळेत शिकवू लागली आणि मी पत्र्याच्या डबीत पडलो. डबीत अंधार होता, पण भीती नव्हती. खोटं कशाला बोलू, मला ते मानवलं होतं.

एक दिवस डबी उघडली. मैना नेदरलँड्सला निघाली होती. देशोदेशीची लहान मुलं जिथे एका वर्गात बसतात, अशा शाळांची शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण तिला घ्यायचं होतं. रोह्याची नोकरी सोडली होती. नापास होऊन परतली तर इथलंही गेलं आणि तिथलंही. निरोपाला आलेल्यांत अर्ध्यांना तिकडून काहीतरी आणून हवं होतं, उरलेले ती किती लवकर परत येते याचा अंदाज बांधत होते. रोह्याच्या ठमाआत्याने तर सगळ्यांसमोर विचारलं, "तिकडं जमीन समुद्राच्या खाली हाय म्हणं. हितं खारेपाटात खाडीचा बांध फुटला तं मामाकडं पळायचीस. तिकडं कुनाकडं पळशील गो?"

मैना हसली, पण मला गुंडाळताना तिची बोटं गार होती. दाजी म्हणाले, "घेऊन जा त्याला. भ्या वाटंल तवा हातात धर." आता भीतीचा उतारा म्हणून भित्र्यालाच सोबत दिलं, याला काय म्हणावं?

तिकडे खरंच बांध होता, आणि बांधापलीकडचं पाणी गावाहून उंच. पहिले काही आठवडे मैना पावसाचा आवाज आला की खिडकीशी जाई. पण खरी भीती वर्गात होती. तिचे धडे बघून पास-नापास ठरवायला मार्लीस नावाच्या बाई मागच्या बाकावर बसणार होत्या. पहिला धडा हातकामाचा. मैनाने मुलांना माती दिली. त्यांनी हत्ती केले, कुणाचा लठ्ठ, कुणाचा बिनसोंडेचा. शेवटी मैनाने मला बाहेर काढलं आणि टेबलाटेबलाशी जाऊन सगळ्या हत्तींचे डोळे स्वतः आखले. कारखान्यात हेच तर रीतीचं होतं. एकही रेघ हलली नाही. मी कधी नव्हे तो फुशारलो.

मार्लीसबाईंनी युना नावाच्या कोरियन मुलीला विचारलं, हा हत्ती कुणाचा? युना म्हणाली, "टीचरचा."

वर्ग सुटल्यावर मार्लीसबाई मैनाला शांतपणे म्हणाल्या, "हत्ती सुंदर झाले. पण सगळे तुमचे झाले." पुढच्या धड्यातही असंच झालं तर प्रशिक्षण तिथेच संपेल, हेही त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी मैनाने पेणला फोन लावला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या हाती डोळा दिला त्या दिशी मी कुठं व्हतो, आठवतं?"

"बाहेर. चहा प्यायला गेला होतात."

"चहा कसला. भिंतीला टेकून उभा व्हतो. आत थांबलो असतो तं कुंचला हिसकून घेतला असता."

दुसऱ्या धड्याला मैनाने मुलांना दाजींचा कारखाना सांगितला, दारातला प्रश्नही सांगितला. हत्ती झाले. मग तिने मला युनाच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, मी चकणे देव पाहिले होते, पण असं भय पाहिलं नव्हतं. युनाने मला मुठीत आवळलं आणि केसांवर दाबून काळ्या रंगात उभं केलं. माझे केस चहूकडे फाकले. मैना झटकन एक पाऊल पुढे आली. तिचा हात उठलेला मला दिसला. मागच्या बाकावर मार्लीसबाईंनी पेन उचललं. मैना थांबली, वळली, आणि खिडकीशी जाऊन बाहेरच्या बांधाकडे बघत उभी राहिली.

एक डोळा बशीएवढा झाला, दुसरा घसरून गालावर उतरला. युना धावत दारात गेली आणि तिने विचारलं, बघतोय का?

मार्लीसबाई उठल्या, हत्तीसमोर डावीकडून उजवीकडे चालल्या, वाकल्या. म्हणाल्या, "बघतोय. आणि माझ्याकडेच."

मैना पास झाली. तिने हत्तीचा फोटो पेणला पाठवला. हिरामण पोट धरून हसला. दाजींनी फोनवर एवढंच विचारलं, "तू कुठं व्हतीस?"

"खिडकीशी."

"मग झालं."

आता मी मैनाच्या वर्गात बरणीत असतो. माझे केस कायमचे फाकले. देवाचा डोळा आता माझ्याने होणार नाही. रोज नव्या मुठीत जाताना अजूनही धडकी भरते. तेव्हा मित्रांनो, काम झालं की मला धुवा आणि केस वर करून ठेवा. आणि मला धाकट्या हातात देताना तुमचा जीव वरखाली झालाच, तर मला परत ओढू नका. खिडकीशी जाऊन थोडं बाहेर बघा.