‘सावधान’ म्हटलं की क्लच सोडायचा

हे कोणाला सांगून पटणार नाही, म्हणून मी सहसा सांगत नाही. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आजवर जेवढ्या म्हणून गाड्या धावल्या, त्यांत सगळ्यांत जबर पिकअप कुठल्या गाडीचं, हे जगात फक्त मला ठाऊक आहे. कारण त्या पिकअपवर माझं लग्न अडलं होतं.

परवा आमचे जावई विद्याधरराव आले होते. त्यांच्या गाडीचं पिकअप शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा कसं सरस, हे ते चहा निवेपर्यंत सांगत होते. शेवटी मी म्हटलं, "जावईबापू, पिकअप तुम्ही पाहिलंय कुठे? बसा."

आमची ही, कुंदा, समोर मेथी निवडत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि जुडीची दोरी जरा जोरातच तोडली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गोष्ट पंचावन्न सालची. माझे वडील लवकर गेले, म्हणून लग्नात त्यांच्या जागी बसणार होते माझे भाऊकाका, घाटकोपरचे वकील. कोर्टात हळू बोलायचे आणि गाडीत बसले की मोठ्याने. त्यांची नवीकोरी लँडमास्टर. तिकडे कुंदाचे मामा, मुलुंडचे डॉक्टर श्यामसुंदर. त्यांची फियाट. मामा म्हणजे कुंदाला हाताला धरून बोहल्यावर आणणार ते. म्हणजे बघा, काका रुसले तर आमच्याकडचे विधी अडणार आणि मामा रुसले तर नवरी मांडवातच यायची नाही. आणि रुसण्यात दोघेही पटाईत. माझ्या मुंजीत पहिला नारळ कोणी फोडायचा यावरून काकांनी सख्ख्या मेहुण्याशी अबोला धरला होता, तो माझ्या मॅट्रिकपर्यंत टिकला.

यादी करायला दोन्ही घरं बसली आणि प्रश्न निघाला, वरात कोणाच्या गाडीतून काढायची.

"सून आमची, गाडी आमची," काका म्हणाले.

"तुमची लँडमास्टर जागची हलेपर्यंत तुमच्या सुनेला नातवंडं होतील!" मामा म्हणाले. "माझी फियाट बघा. पेशंट दार लावतो तोवर दवाखाना आलेला असतो."

"पळेल नाही तर काय! काडेपेटी वाऱ्यानेही पळते."

आता वरात चालते बँडच्या मागून. पुढे म्हाताऱ्या बायका शालू सावरत, मागे पोरं फुगे ओढत. तिथे पिकअप काय चाटायचंय? पण हे दोन्ही घरांतल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. ठरलं असं, की लग्नाच्या आदल्या दिवशी आग्रा रोडवर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावायच्या. जिचं पिकअप जास्त, तिच्यातून वरात. हरेल त्याने निमूट मान्य करायचं.

निमूट! दोघांपैकी एक हरणार हे नक्की, आणि हरला की तो मांडवात पाऊल ठेवणार नाही हेही नक्की. मला तर कुंदाच हवी होती. पाहायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी पुढे करताना हिने तळलेली मिरची बरोबर माझ्या बाजूला वळवून ठेवली होती. तेव्हाच मी गारद झालो.

"तिखट लागली नाही वाटतं," कुंदा मेथीकडे बघत म्हणाली.

"अजून लागतेय."

तर सकाळी आम्हा दोघांना आपापल्या घरी हळद लागली आणि उन्हं कलल्यावर सगळे भांडुपच्या अलीकडे जमलो. दोन मोऱ्यांमधला रस्ता सरळ. मधे एक म्हैस होती, तिला समजावून बाजूला घेतली. कोणी लबाडी करू नये म्हणून मी बसलो मामांच्या गाडीत आणि कुंदा काकांच्या. दोघंही हळदीने पिवळेजर्द. इशारा कोणी करायचा? भटजींना धरून आणलं. दोन पोरांनी गाड्यांपुढे अंतरपाट आडवा धरला. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं की अंतरपाट बाजूला आणि काका-मामांनी क्लच सोडायचा.

"अप्पा, भर रस्त्यात मंगलाष्टकं?" विद्याधररावांनी विचारलं.

"एकच म्हणायला लावलं. पेट्रोल जळत होतं ना."

"सावधान!"

काय सुटल्या म्हणता! माझी टोपी होती तिथेच हवेत राहिली आणि डोकं पुढे निघून गेलं. काकांच्या मिशा मागे गेल्या त्या कानाला अडकल्या. मामांनी सुटताना हॉर्न दिला होता, तो बराच पुढे गेल्यावर मागून धापा टाकत आला. एकदा फियाटचं नाक पुढे, एकदा लँडमास्टरचं. मेलो, आता कोणीतरी जिंकणार!

खिडकीतून पाहिलं तर कुंदाचाही चेहरा पडलेला. तेवढ्यात हिने काय करावं? कनवटीचा विडा काढला आणि खिडकीतून हात लांब केला. मीही केला. ताशी साठ मैलांचा वेग आणि मधे वीतभर हवा. हिने विडा माझ्या हातावर ठेवला, पण हात काही सोडला नाही. मग मी कशाला सोडतोय? झालं! आता एक गाडी दुसरीच्या पुढे जाणार कशी? काका दाबतायत, मामा दाबतायत, गाड्या गुरगुरतायत, पण बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. दोघी अगदी जोडीने पलीकडच्या मोरीवरून गेल्या. दोघेही जिंकले, रुसायला कोणी उरलंच नाही, आणि वरात निघाली दोन्ही गाड्यांतून!

विद्याधरराव हळूच कुंदाकडे वळले. "आई, खरं हे?"

कुंदाने मेथीची परडी बाजूला सारली.

"डोंबलाचं खरं! अहो, हळद लागलेल्या नवरीला कोणी उंबरा ओलांडू देतं का? आणि नवऱ्यामुलाला तरी? मी दिवसभर घरात पाटावर बसून होते, पायाखालून पाट हलला नाही माझ्या. शर्यत झालीच नाही. माझ्या आईने त्या दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं, एकीत नवरी बसेल, दुसरीत नवरा, आणि गाड्या शेजारी शेजारी चालतील. रुसायचं असेल त्याने जेवून रुसावं."

"आणि मग तो विडा?"

कुंदाने परडी पुन्हा ओढून घेतली. एक काडी उगाचच दोनदा निवडली.

"विडा दिला होता मी. हातही नव्हता सोडला, ते खरंय. पण ते वरातीत! पुढे बँड थांबला होता आणि दोन्ही गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. म्हणे साठाचा वेग!"